आकाशातला की बांधावरचा?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईने पिशवीतून काळा, जड दगड काढला. शेतात सापडलेला. एक माणूस तिला म्हणाला होता, "ही उल्का आहे, लाखात जाईल. आधी तपासणीचे पाच हजार भरा." ती गटाकडे कर्ज मागायला आली होती.

आकाशात जळताना दिसते ती उल्का, आणि जमिनीवर पोचतो तो अशनी. तो ओळखायचा कसा?

चुंबक चिकटला म्हणजे अशनी, असे नाही. आपल्या सातारा-सांगलीचा काळा पाषाण लाव्हारसापासून झालेला. त्यातही लोहखनिज असते, म्हणून चुंबक थोडा ओढला जातो. भट्टीतून निघालेला लोखंडाचा कचराही जड असतो.

आधी साल बघा. हवेतून येताना अशनीचा वरचा थर वितळतो. ताज्या अशनीवर पातळ काळी साल असते आणि फुटल्या जागी आतला रंग बहुधा फिकट दिसतो. कधी कणकेत अंगठा दाबावा तसे खळगे असतात. मग भोके बघा. दगड जाळीदार असेल, तर तो अशनी नसल्यातच जमा. शेवटी फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासा. लालसर किंवा ठळक काळी रेघ उठली, तर ते इथलेच लोहखनिज.

या परीक्षांतून 'नाही' कळते. 'हो' म्हणायला प्रयोगशाळाच लागते. तिथे दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्यातले बारीक गोल दाणे शोधतात, लोखंडात निकेल आहे का ते मोजतात.

२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल भागात मोठा आवाज होऊन दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते गोळा केले आणि तपासणीत ते अशनी ठरले. पुढे त्यांत पृथ्वीच्या खोल पोटात असते तसे खनिजही सापडले.

म्हणून असा दगड मिळाला, तर जागा आणि तारीख लिहून ठेवा. धुऊ नका, तापवू नका, कोरड्या कागदात गुंडाळा. जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा, किंवा सर्वेक्षणाच्या पुणे-नागपूर कार्यालयाला कळवा. आगाऊ पैसे मात्र कुणालाही देऊ नका.

त्या ताईच्या दगडात भोके होती आणि भोकांत पांढरे स्फटिक. आपलाच काळा पाषाण! तिने कर्जाचा अर्ज मागे घेतला. दगड आता तिच्या दारात आहे, आणि पाच हजार गटाच्या पेटीत.