घुमट की मनोरा?

आमच्या नानांचे सहस्रचंद्रदर्शन इंदुरास यथासांग पार पडले, त्याच रात्री त्यांनी एक इच्छा बोलून दाखविली. साठ वर्षांपूर्वी ते मुंबईस फोर्टातील एका कचेरीत कारकून होते. संध्याकाळी आईला घेऊन ते अपोलो बंदरावर जात, कठड्यावर बसून चणे-शेंगदाणे खात आणि समोरच्या ताजमहाल हॉटेलाचे घुमट पाहत. “आत पाऊल टाकण्याचे धैर्य कधी झाले नाही. एक रात्र तेथे राहावे असे वाटते,” ते म्हणाले.

आम्ही भावंडांनी पैसे जमविले. परंतु खोली ठरवावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, ताज एक नसून दोन आहेत. जमशेटजी टाटांनी बांधविलेला जुना ‘पॅलेस’ १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडला. गेटवे ऑफ इंडिया पुरी झाली १९२४ साली, म्हणजे हॉटेलच तिच्याहून वडील! शेजारचा उंच ‘टॉवर’ १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, ग्रीन्स हे जुने हॉटेल पाडून त्या जागी उभारला गेला. नानांनी मुंबई सोडली तेव्हा ग्रीन्स तेथे उभे होते.

जुने ते स्वस्त, हा आपला सर्वसाधारण समज येथे खोटा ठरतो. पॅलेसमधील खोलीचे भाडे टॉवरपेक्षा बरेच अधिक निघाले. शिवाय जुन्या इमारतीत सगळ्या खोल्या एकसारख्या नसतात. कोणती दर्याकडे उघडते, तर कोणती शहराकडे. तेव्हा ‘जुन्या भागात खोली हवी’ एवढेच सांगून भागत नाही, खिडकी कोणत्या दिशेस आहे हे आधी विचारून घ्यावे लागते. टॉवरमध्ये हा घोळ कमी. वरच्या मजल्यावरून बंदर दूरवर दिसते. आमच्या सौ.चे मत अर्थातच टॉवरला पडले. माझा ओढा, कबूल करतो, घुमटाकडे होता. या वास्तूचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. वैद्य मध्येच निवर्तले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुकाराने काम तडीस नेले. इतक्या लांबून यावयाचे आणि हे सोडून कोठेही बांधता येईल अशा खोलीत निजावयाचे, हे माझ्या मनास पटेना.

आई मात्र एक शब्द बोलत नव्हती. शेवटी म्हणाली, “जुन्या भागात मी निजणार नाही.” नोव्हेंबर २००८ मधील हल्ल्यात त्याच घुमटाखालून निघणारा धूर तिने तीन दिवस दूरदर्शनवर पाहिला होता. टॉवर त्याच डिसेंबरात पुन्हा उघडला; पॅलेसची डागडुजी मात्र १५ ऑगस्ट २०१० पर्यंत चालली. नानांनी हे सारे तिला समजावून सांगितले. तिने मान हलविली, पण मत बदलले नाही.

आम्ही टॉवरमध्ये उतरलो. मधला मार्ग म्हणून संध्याकाळी सर्वजण पॅलेसमध्ये हिंडून आलो. घुमटाखालचा तो भव्य जिना पाहून नाना बराच वेळ वर मान करून उभे राहिले. गुडघे दुखत असतानाही ते काही पायऱ्या चढले. आई खालीच थांबली होती. मग तीही हळूहळू चढली आणि कठड्याच्या लोखंडी नक्षीवरून तिने हात फिरविला.

“अहो, येथून आपली जागा दिसत नाही,” ती म्हणाली.

रात्री जेवण आटोपून खोलीत आलो. नानांनी दिवा मालवला आणि दोघे खिडकीशी उभे राहिले. खाली बंदराचा कठडा दिव्यांच्या रांगेत बोटभर दिसत होता. आपण बसत होतो ते तिसऱ्या दिव्यापाशी, असे नानांचे म्हणणे. आईच्या मते चौथ्या. मी झोपलो तेव्हाही त्यांचा वाद मिटला नव्हता.