चिखलदऱ्याचें पाणी कोठें जातें?

वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांत आषाढ-श्रावणाच्या सुमारास चिखलदऱ्याचा बेत हटकून निघतो. अमरावतीहून परतवाडा, तेथून घाट. आणि थोड्याच वेळांत मंडळी सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेतीन हजार फूट उंचीवर, धुक्यांत उभी असते. भीमकुंडापाशीं मोटार थांबते, छायाचित्रें निघतात, भाजलेलीं कणसें व रबडी यांचा यथास्थित समाचार घेतला जातो, आणि मंडळी पुढच्या 'पॉइंटा'कडे वळते. धबधब्यापेक्षां कणसास वेळ अधिक लागतो. याबद्दल कोणास दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु या 'पॉइंट' शब्दानेंच आपली कांहींशी फसगत केली आहे. पॉइंट म्हणजे उभें राहून पाहण्याची जागा. पाणी तर उभें राहत नाहीं. तें कोठून आलें व कोठें गेलें हें कळावयाचें तर त्याच्या काठानें चाललें पाहिजे.

इंग्रज लोकांस ही गोष्ट चांगली उमगलेली आहे. त्यांच्या देशाच्या वायव्येस सरोवरांचा जो डोंगराळ प्रांत आहे, तेथील डडन नांवाच्या लहानशा नदीवर वर्डस्वर्थ कवीनें सुनीतांची एक मालाच रचिली. ती १८२० सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत कवि उगमापासून निघून नदीबरोबर समुद्रापर्यंत जातो. त्याच प्रांतांतील लोडोर येथील प्रपातावर सदे कवीनें मुलांसाठीं केलेली कविताही त्याच वर्षीं लिहिलेली आहे. गंमत अशी कीं, हा लोडोर उन्हाळी कोरड्या दिवसांत इतका रोडावतो कीं पाहावयास गेलेल्याची निराशाच व्हावी. कीर्ति मात्र अबाधित आहे! त्या देशांत पाऊस बारा महिने थोडाथोडा पडत असल्यामुळें बहुतेक ओढे वर्षभर वाहते राहतात. शिवाय कालव्यांतील नावा पूर्वीं घोडे ओढीत. त्या घोड्यांसाठीं केलेल्या काठच्या वाटा पुढें फिरणाऱ्या लोकांच्या उपयोगी पडल्या. १९४९ सालीं तर राष्ट्रीय उद्यानें व पायवाटा यांविषयीं तेथें कायदाच झाला. आमच्या पिढीनें शाळेंत हे इंग्रजी ओढे पाठ केले. पण सिपना नदी कोठें आहे असें विचारलें असतां वर्गांत शांतता पसरे, हा शिक्षक या नात्यानें आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

वास्तविक पाण्यावर प्रेम करणें आपणांस परक्यांकडून शिकावयास नको होतें. उत्तररामचरितांत गोदावरीच्या पाण्यानें गिरिकुहरांत घुमणारा नाद ज्यानें ऐकविला, तो भवभूति विदर्भांतीलच पद्मपुराचा. मेघदूतांतील यक्षाचा रामगिरि म्हणजे नागपुराजवळचें रामटेक, असें अनेक पंडित मानतात. तो यक्ष मेघाला वाट सांगतो ती नद्यांच्या नांवांनीं: येथें रेवा लागेल, पुढें वेत्रवती, पुढें निर्विंध्या आणि शिप्रा, येथें थांब, पाणी घे, मग पुढें जा. कालिदासाचा मेघ पॉइंट पाहत जात नाहीं.

चिखलदऱ्याच्या नांवाची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. भीमानें कीचकाचा वध करून त्याला या दरींत लोटलें व भीमकुंडांत स्नान केलें. कीचकदऱ्याचा अपभ्रंश चिखलदरा, असें सांगतात. विद्वान् लोक विराटाचा मत्स्यदेश राजस्थानांत बैराटकडे नेतात, व तें बहुधा बरोबरच असावें. तथापि पावसाळ्यांत त्या कुंडाच्या कांठीं तो गडगडाट ऐकतांना ज्याला भीमाची आठवण होणार नाहीं, त्याच्या बैराटविषयींच्या ज्ञानाचा आम्हांस फारसा हेवा वाटत नाहीं.

आतां पाण्याकडे वळूं. सातपुड्याची ही रांग एखाद्या घराच्या आढ्यासारखी आहे. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस मेळघाटच्या जंगलांतून सिपना, गाडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्यांनीं तापीस मिळतो. कोरकू भाषेंत सिपना म्हणजे साग. सागवनांतून वाहणाऱ्या नदीला याहून योग्य नांव कोणतें द्यावें? दक्षिणेच्या उतारावरील पाणी चंद्रभागा, शहानूर, वान इत्यादि नद्यांनीं वऱ्हाडच्या सपाटींत उतरून पूर्णेस मिळतें. पूर्णा पश्चिमेस वाहत जाऊन जळगांव जिल्ह्यांत चांगदेव येथें तापीला मिळते. म्हणजे आढ्यावर एकमेकांपासून दुरावलेले दोन थेंब चांगदेवास पुन्हा भेटतात, आणि हतनूरच्या धरणांतून सुरतेच्या वाटेनें खंबायतच्या आखाताकडे बरोबर जातात. घरांत नकाशा असल्यास मुलांकडून ही वाट बोटानें गिरवून घ्यावी.

या साऱ्यांत आम्हांस विशेष ओढ आहे ती चंद्रभागेची. पंढरपुरच्या मोठ्या बहिणीपुढें हिचें नांव कोणी घेत नाहीं. चिखलदऱ्याच्या देवी पॉइंटाजवळ खडकांत देवीचें स्थान आहे. कातळांतून पाणी ठिबकत असतें. तेथेंच हिचा उगम मानतात. तेथून ती कडे उतरून पायथ्याशीं येते आणि काळ्या जमिनींतून संथपणें दर्यापुराकडे जाते. वर नितळ व गार असलेलें हें पाणी जसजसें खालीं यावें तसतसा भोंवतालचा प्रदेश पाण्याच्या बाबतींत अधिकाधिक दुर्दैवी होत जातो. कारण दर्यापुर खारपाणपट्ट्यांत आहे. पूर्णेच्या दोन्ही बाजूंस, अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत, गाळाचे खोल थर आहेत व त्यांतील भूजल खारट आहे. जमीन पाहावी तर कापसाला उत्तम. विहीर खणावी तर पाणी मचूळ, पिण्यास नको व पिकासही नको. सातपुड्यांत शहानूर व वान या नद्यांवर धरणें झालीं, त्यांचें पाणी नळांनीं या भागांतील गांवांस येऊं लागलें, तेव्हां घरोघरची स्थिति पुष्कळ सुधारली. तरी त्या बाजूस पाहुण्याच्या हातीं तांब्या देतांना यजमानीण अजूनही सांगते, "नळाचं आहे बरं, विहिरीचं नाही." धबधब्यापाशीं उभ्या असलेल्या आपल्या मुलांस त्या पाण्याचें मोल या एका वाक्यानें जितकें कळेल तितकें आमच्या व्याख्यानानें कळणार नाहीं.

वरच्या लोकांची स्थिति तरी बरी असावी, असें वाचकांस वाटेल. चिखलदऱ्यास वर्षाकाठीं सुमारें पंधराशे मिलिमीटर पाऊस पडतो. अमरावतीच्या जवळजवळ दुप्पट. पण तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो. डोंगर काळ्या पाषाणाचा, उतार कडेलोटाचा, माती पातळ. पाणी थांबावें कोठें? ज्या घाईनें तें धबधब्यांत उडी घेतें आणि आपण वाहवा करतों, त्याच घाईमुळें चैत्र-वैशाखांत माथ्यावरचीं गांवें कोरडीं पडतात. चिखलदरा तालुक्यांतील कित्येक कोरकू वस्त्यांत उन्हाळ्यांत टँकर येतो, विहिरींत ओतला जातो आणि बाया भांडीं घेऊन विहिरीभोंवतीं जमतात. कांहीं ठिकाणीं ओढ्याच्या वाळूंत झिरे खणून वाटीवाटीनें पाणी भरावें लागतें. आषाढांत ज्या कड्यावरून पाण्याचे लोट कोसळतात, त्याच्या माथ्यावर वैशाखांत घागरभर पाण्यासाठीं पहाट मोडावी, हें आमच्या मतें या थंड हवेच्या ठिकाणाचें पाहण्यासारखें सर्वांत मोठें स्थळ आहे; पण त्याला पॉइंट म्हणून पाटी लावलेली नाहीं.

आणि हें अटळ आहे असेंही नाहीं. चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड आहे. १८०३ सालच्या डिसेंबरांत आर्थर वेलस्ली यानें तो घेतला, एवढेंच आपण इतिहासांत शिकतों. पण त्या गडावर शेंकडों माणसें व जनावरें पाण्यावांचून राहिलीं नसतील; त्यासाठीं तेथें तलाव बांधलेले आहेत. अकोला जिल्ह्यांतील नरनाळ्यावर तर तळ्यांबरोबर दगडी कमानींनीं झांकलेलीं टांकींही आहेत. जुन्या लोकांनीं त्याच डोंगरावर, त्याच पावसांत, पाणी वर अडवून दाखविलें. तोफा पाहण्याइतकाच वेळ या टांक्यांपाशीं घालवावा, अशी आमची सूचना आहे.

जाणारांसाठीं दोन शब्द. श्रावणांत गर्दी व निसरडें दोन्ही फार. आश्विनांत पाणी नितळलेलें असतें, वाटा सुकलेल्या असतात व धबधब्यांस अजून जीव असतो. कुंडांत उतरण्याचा मोह तरुणांनीं कटाक्षानें टाळावा. शेवाळलेल्या खडकावर पोहणाऱ्याचेंही कांहीं चालत नाहीं. मेळघाट हें १९७४ पासून व्याघ्रप्रकल्पाचें क्षेत्र आहे. तेव्हां सिपनेच्या काठीं सेमाडोह-कोलकास बाजूस जातांना वनखात्याची परवानगी व वाट दाखविणारा स्थानिक माणूस अवश्य घ्यावा. तेथील डोह उन्हाळ्यांत वाघ-गव्यांच्या पिण्याच्या जागा आहेत, आपल्या सहलीच्या नव्हेत. वडीलधाऱ्या मंडळींस परतवाड्याजवळील मुक्तागिरी सोयीची. हें जैनांचें तीर्थ सध्यां मध्यप्रदेशच्या बैतूल जिल्ह्यांत मोडतें. बावन्न मंदिरें आहेत व त्यांच्या शेजारींच धबधबा पडतो. पायऱ्या सावकाश चढाव्या. परततांना सवड असेल तर अंजनगांव-दर्यापुराच्या बाजूनें यावें, चंद्रभागेच्या काठीं थोडें थांबावें, आणि एखाद्या जुन्या विहिरीचें पाणी मुलांच्या जिभेला नुसतें लावून पाहावें.