तेच कलम, दुसरी बाग

रत्नागिरीतल्या एखाद्या बागेची पेटी फेब्रुवारीत वाशीच्या बाजारात पोचते, मुहूर्ताचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो आणि आजूबाजूच्या वाड्यांत चौकशी सुरू होते. त्याने कल्टार कधी घातलं? फवारण्या किती केल्या? माल कुठल्या गाळ्यावर पाठवला? या चौकशीमागे एक साधी समजूत असते, की यशस्वी माणसाने जे जे केलं ते ते त्याच क्रमाने केलं की आपल्यालाही तेच मिळेल. याच्या अगदी उलट समजूतही त्याच वाड्यांत ऐकू येते: ज्याच्या नशिबात असतं त्यालाच लाभतं, दुसऱ्याचं बघून धंदा होत नाही. माझ्या मते या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्ही सारख्याच महाग पडतात. त्या तपासायला हापूसपेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. इतर धंद्यांत नक्कल हा शब्द आपण सैलपणे वापरतो. कलमाच्या बाबतीत मात्र ती अक्षरशः नक्कल असते.

हापूसची कोय लावली तर झाड आईसारखंच निघेल, याची खात्री नसते. म्हणून रायवळ कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसार केलेल्या या कोय कलमामुळे एका चांगल्या झाडाच्या हजारो प्रती करणं सोपं झालं. रत्नागिरीचा, धारवाडकडचा आणि वलसाडचा हापूस, वाण म्हणून एकच. तरीही सालीची जाडी, वास आणि गराचा रंग यांत फरक पडतो. जांभ्याची जमीन, खारा वारा, थंडी किती पडते आणि उन्हाळा कधी चढतो, हे काडीबरोबर बांधून नेता येत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं, ते याच कारणाने. परराज्यातला आंबा कोकणच्या नावाच्या पेटीत भरून विकला जातो ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. लोक पेटीवरचं नाव चोरतात, याचा अर्थ किमतीतला मोठा वाटा फळाइतकाच त्या नावावरच्या विश्वासाला मिळतो. उलटा दाखलाही कोकणातच आहे. हापूसमधला साका हा मोठा दोष, फळ वरून सुरेख आणि आत गर खराब. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून ‘रत्ना’ हा वाण आला. फळ मोठं, साक्याचा त्रास नाही. झाड म्हणून ती हापूसची सुधारलेली आवृत्तीच. पण गिऱ्हाईक पेटी मागतं ती हापूसची. दोष काढता आला, नाव लावता आलं नाही.

इथे कोणी म्हणेल, मग सगळं श्रेय मातीला द्या आणि विषय संपवा. तसंही नाही. एकाच कातळी सड्यावर, एकाच जांभ्यावर शेजारी शेजारी असलेल्या दोन बागांची गणितं वेगळी असतात, आणि तो फरक पाहायचा तर कातळातल्या खड्ड्याशी जावं लागतं. कातळावर बाग करायची म्हणजे सुरुंग लावून मीटर-मीटरचा खड्डा फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि पहिले काही उन्हाळे कलम पाण्यावर जगवायचं. नेहमीच्या दहा मीटर अंतराने एका हेक्टरात शंभर कलमं बसतात. त्यांच्यापासून पोट भरेल असं उत्पन्न सुरू व्हायला आठ-दहा वर्षं जातात. शेजाऱ्याची बाग आज यशस्वी दिसते ती त्याच्या आधीच्या पिढीने फोडलेल्या कातळामुळे. ती मजुरी, तो व्याजाचा बोजा केव्हाच फिटलेला असतो. आज तेच खड्डे फोडणाऱ्याला आजच्या मजुरीने फोडावे लागतात, आणि माल विकायचा असतो दहा वर्षांनंतरच्या भावाने. यंदाचा भाव पाहून लावलेलं कलम यंदाच्या भावाला कधीच विकलं जात नाही. १९९० साली राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली, शंभर टक्के अनुदान दिलं आणि कोकणातल्या पडीक वरकस जमिनी हिरव्या झाल्या. योजना चांगलीच होती. अनेक घरांना तिने बाग दिली. पण एकाच काळात लावलेली कलमं फळाला येतात तीही एकाच काळात, आणि बाजारात एकमेकांसमोर उभी राहतात.

आता कल्टारकडे येऊ. चौकशी तिथूनच सुरू झाली होती आणि गैरसमज तिथेच सर्वांत खोल आहे. पॅक्लोब्युट्राझोल हे त्याचं रासायनिक नाव. पावसाळ्यात, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या विस्तारानुसार माप ठरवून ते मुळांजवळ देतात. झाडाची पालवीची वाढ आवरली जाते, मोहोर लवकर येतो आणि हापूसची एक वर्षाआड धरण्याची खोड बरीच कमी होते. कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, माप ठरलेलं आहे, कोणीही वाचून वापरू शकतं. म्हणजे कृती पूर्णपणे उचलण्यासारखी आहे आणि ती उचलली गेलीही. पण पहिल्या बागायतदाराला जो नफा झाला तो फळ लवकर आल्यामुळे नव्हे. त्याचंच लवकर आलं, इतरांचं नाही, यामुळे झाला. फेब्रुवारी-मार्चचा चढा भाव हा कमी आवकेचा भाव असतो. दहा बागा लवकर धरल्या तर दहा जणांना तो मिळतो, हजार बागा धरल्या तर मार्चच्या अखेरीस जो उतार दिसायचा तो अलीकडे सरकतो. खर्च मात्र मागे सरकत नाही. औषध घातलेल्या झाडाला खत वाढवावं लागतं, छाटणी सांभाळावी लागते. माप न पाळता वर्षानुवर्षं घातलं तर झाडच थकतं. लवकर आलेला मोहोर थंडीतल्या भुरी-तुडतुड्यांत आणि अवकाळी पावसात सापडला तर फवारण्या वाढतात. कृती उचलता येते, तिला मिळालेला भाव उचलता येत नाही. तो किती जणांनी ती उचलली यावर ठरतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: बाकी सगळं ठीक, पण मेहनत आणि जिद्द असेल तर माणूस वाट काढतोच. मेहनतीशिवाय बाग होत नाही, हे खरंच आहे. प्रश्न असा की जे बुडाले त्यांनी मेहनत केली नव्हती हे कशावरून? यशस्वी बागायतदाराचा सत्कार होतो, मुलाखत छापली जाते, शिवारफेरी निघते. दलालाची उचल फिटली नाही म्हणून बाग खंडाने देऊन मुंबईला गेलेल्या माणसाकडे कोणी ‘तुम्ही काय केलंत’ म्हणून विचारायला जात नाही. त्यानेही पहाटे उठून फवारणी केलेली असते, राखणीला गुरखा ठेवलेला असतो, तेच औषध घातलेलं असतं. दोघांनी केलेली गोष्ट यशाचं कारण म्हणून सांगता येत नाही, आणि एकालाच विचारलं तर ती दोघांनी केली हे कळतच नाही. ही चूक फक्त गावात होते असं नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांनी ४३ उत्तम कंपन्या निवडून त्यांच्या यशाची सूत्रं सांगणारं पुस्तक लिहिलं. ते तुफान खपलं. दोनच वर्षांत ‘बिझनेस वीक’ने तपासलं तेव्हा त्यातल्या सुमारे एक तृतीयांश कंपन्या अडचणीत आल्या होत्या. लेखकांनी यशस्वी कंपन्यांकडे पाहिलं, तशीच कामं करून मागे पडलेल्यांकडे फारसं पाहिलं नाही.

म्हणून दुसऱ्याकडून काही घेऊच नये, हे नशीबवाद्यांचं म्हणणं खरं ठरतं का? मुळीच नाही. कोकणातच त्याची उत्तरं आहेत. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही काजूची कलमं हजारो शेतकऱ्यांनी एकमेकांची पाहून लावली आणि त्यांचं उत्पन्न वाढलं. काजूची बी सुकवून ठेवता येते, तिला मुहूर्ताच्या पेटीसारखी घाई नसते. देठासह आंबा उतरवणारा ‘नूतन झेला’ एकाने वापरला म्हणून दुसऱ्याचा फायदा कमी झाला नाही. देठ राहिला की चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही, फळ कमी कुजतं, आणि हे प्रत्येकाच्या बागेत तितकंच खरं असतं. नासाडी वाचवणारी रीत कितीही जणांनी घेतली तरी झिजत नाही. लिज्जत पापडाचंही असंच. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली. आज देशभर शाखा आहेत, कारण पीठ शाखेत मळायचं, लाटायचं घरी, पापड तपासून घ्यायचा आणि मजुरी लगेच द्यायची, ही रीत नव्या शाखेला सांगता येते. तिथे संस्था स्वतःच स्वतःची नक्कल करते, एकाच नावाखाली. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेला नमुनाही महाराष्ट्राने असाच उचलला. जिथे पाणी आणि सभासदांचा ऊस होता तिथे तो चालला. जिथे कारखान्याची इमारत आणि संचालक मंडळ एवढीच नक्कल झाली, तिथले अनेक कारखाने आजारी पडले.

रत्नागिरीतच समुद्राच्या बाजूने पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. सुरिमी हा प्रकार मूळ जपानचा. माशाचा गर काढायचा, थंड पाण्याने धुवून त्यातली प्रथिनं ठेवायची, साखर मिसळून गोठवायची. त्यापासून पुढे खेकड्याच्या चवीच्या कांड्यांसारखे पदार्थ होतात. उत्तरेच्या थंड समुद्रातल्या पोलॉक माशावर हा उद्योग उभा होता. रत्नागिरीच्या गद्रे मरीनने १९९०च्या दशकात तो इथे आणला, तो पोलॉक आणून नव्हे, तर इथल्या जाळ्यात भरपूर येणाऱ्या आणि बाजारात हलका भाव मिळणाऱ्या राणी माशावर. तंत्र उचललं, मासा आपला घेतला. नंतर पश्चिम किनाऱ्यावर इतरांनीही असे कारखाने काढले. यंत्रं विकत मिळतात, कृतीही शिकता येते. मात्र पहिल्याला मिळालेला हलक्या भावाचा मासा शेवटच्याला मिळत नाही, कारण तोवर सगळ्यांनी मागणी करून त्याचा भाव चढवलेला असतो. जून-जुलैची मासेमारी बंदी सगळ्यांना सारखीच आणि समुद्रातली राणी तेवढीच.

म्हणून शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन विचारायचा प्रश्न बदलायला हवा. ‘तू काय केलंस’ याचं उत्तर तो प्रामाणिकपणे देईल आणि तरी ते अपुरं असेल, कारण त्याच्या भावात शेजाऱ्यांचा, आवकेचा आणि सालाचा किती हात होता हे त्याला स्वतःलाही नीट दिसत नाही. त्याच्या नफ्यातला किती भाग तो एकटा होता म्हणून आला, आणि किती भाग नासाडी वाचल्याने, फळ चांगलं आल्याने आला, हे वेगळं काढता आलं तर दुसरा भाग बिनधास्त घ्यावा. पहिला भाग त्याच्याकडून घेता येत नाही. तो आपल्याला वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी शोधावा लागतो. आफ्रिकेतल्या मलावीत कोकणातून नेलेल्या काड्यांवर हापूसची बाग उभी राहिली. कलम तेच, पण तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, ऋतू उलटे. तिथला आंबा वाशीच्या बाजारात उतरतो तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेव्हा रत्नागिरीच्या सड्यावरच्या कलमांना मोहोर नुकता फुटायला लागलेला असतो.