उतारा, निर्यात आणि साखर कारखान्याची उत्पादकता

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येते. १८८५ मध्ये सुरू झालेल्या या कालव्यामुळे येथे ऊस रुजला आणि पुढे परिसराचे अर्थकारण सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याशी जोडले गेले.

कारखान्याची उत्पादकता केवळ गाळपाच्या टनांवर ठरत नाही. साखरेचा उतारा हा तिचा महत्त्वाचा निकष होय. १०.२५ टक्के उताऱ्यास एक टन उसापासून १०२.५ किलो, तर ११.२५ टक्के उताऱ्यास ११२.५ किलो साखर मिळते. तोडणी, वाहतूक व गाळपाचा खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो. २०१९ मध्ये ठरलेल्या किलोमागे ३१ रुपये या किमान विक्रीदराने हा फरक टनामागे ३१० रुपयांचा होतो. उसाचा रास्त व किफायतशीर दरही उताऱ्याशी निगडित असल्याने त्याचा लाभ ऊस उत्पादकापर्यंत पोहोचतो.

निर्यातीचे तसे नाही. जून २०२२ पासून केंद्र शासनाने साखर निर्यातीवर निर्बंध घातले. २०२३-२४ च्या हंगामात सर्वसाधारण निर्यात कोटाच दिला गेला नाही. परदेशी बाजारपेठ शासकीय आदेशावर अवलंबून असते. म्हणून सुधारित बेणे, पक्वतेनुसार तोडणी आणि ऊस शिळा होण्यापूर्वी गव्हाणीत पोहोचविणे, हेच कारखाना व सभासद यांच्या हाती असलेले उपाय ठरतात.