निगेटिव्हवरील ओरखड्याचा माग

निगेटिव्ह एकच असते. तिच्या प्रती मात्र हव्या तितक्या निघतात. म्हणूनच निगेटिव्हवर पडलेला एखादा बारीक ओरखडा प्रत्येक प्रतीवर उमटतो, आणि प्रत मोठी केली की तोही तिच्याबरोबर मोठा होतो. छायाचित्र घरातील वडीलधाऱ्या माणसाचे असेल आणि ते माणूस आता हयात नसेल, तर ते पुन्हा काढण्याची सोय उरत नाही. साहजिकच चेहऱ्यावरून गेलेली एक रेघ छायाचित्रकाराच्या मनाला फार लागते. अशा वेळी पहिला संशय फिल्म करणाऱ्या कारखान्यावर जातो, दुसरा कॅमेऱ्यावर, आणि स्वतःच्या हातांवर तो सर्वांत शेवटी येतो. वस्तुतः शोधाचा क्रम बहुधा याच्या उलट असावयास हवा.

मोठ्या कॅमेऱ्यात गुंडाळीच्या फिल्मऐवजी एकेक सुटी फिल्म वापरतात. ४ इंच रुंद व ५ इंच लांब हे तिचे प्रचारातील माप. तिच्या आधी काचेच्या पट्ट्या होत्या. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने १८७१ साली जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या पट्टीची कल्पना मांडली. इंदूरला नाव मिळवून पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचे काम काचेवरचेच आहे. १९१३ साली ईस्टमन कोडॅक कंपनीने व्यावसायिकांसाठी सुटी फिल्म बाजारात आणली, आणि काच हळूहळू मागे पडली. काच फुटे, पण वाकत नसे. फिल्म फुटत नाही, पण वाकते, घसरते आणि दुसरीला घासते. आजही काही हौशी व कलावंत सुटी फिल्म वापरतात, आणि ओरखड्याची तक्रारही तिच्याबरोबर टिकून आहे.

फिल्मची रचना ध्यानात घेतली म्हणजे ही तक्रार उलगडू लागते. पारदर्शक पत्र्यावर जिलेटिनचा पातळ थर असतो, आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. कोरडे जिलेटिन बऱ्यापैकी टणक असते. पाण्यात पडताच ते फुगते व मऊ होते. मग नखाचा किंवा दुसऱ्या फिल्मच्या कोपऱ्याचा नुसता स्पर्शही त्याला पुरतो. पुष्कळ सुट्या फिल्मच्या पाठीवरही, ती वळू नये म्हणून, जिलेटिनचा थर दिलेला असतो. तेव्हा पाठ निर्धास्त आहे असे समजणे चुकीचे होय.

शोधाची पहिली पायरी म्हणजे ओरखड्याचे नीट निरीक्षण. निगेटिव्ह दिव्याच्या उजेडात तिरपी धरून भिंगाखाली पाहावी. मंद दिसणारी बाजू लेपाची, चकचकीत बाजू पाठीची. रेघ कोणत्या बाजूस आहे हे कळले की निम्मे काम होते. त्यानंतर रेघेचा रंग पाहावा. निगेटिव्हवर रेघ काळी असेल, तर ती बहुधा डेव्हलपरमध्ये जाण्यापूर्वीची असते. कारण कोरड्या लेपावर दाब पडला की त्या जागेचे चांदीचे कण प्रकाश लागल्याप्रमाणेच वागतात आणि काळे पडतात. प्रतीवर ही रेघ पांढरी येते. निगेटिव्हवर रेघ पारदर्शक असेल, तर तेथील लेपच खरवडून गेला आहे, आणि प्रतीवर ती काळी येते. ओल्या लेपाला झालेली इजा बहुधा या दुसऱ्या प्रकारची असते. पाठीवरचा चरा प्रकाश इकडेतिकडे फेकतो. त्यामुळे कागदावर तेथे प्रकाश कमी पडून पांढरी रेघ उमटते.

यानंतर रेघेचा आकार आणि जागा. दोनतीन निगेटिव्ह एकीवर एक ठेवून पाहाव्यात. रेघा नेमक्या त्याच जागी येत असतील, तर कारण स्थिर आहे: होल्डरमधील एखादा खडबडीत कंगोरा, किंवा सरकत्या झडपेच्या फटीतील मखमली पट्टीत अडकलेला वाळूचा कण. अशी रेघ सरळ असते आणि झडपेच्या वाटेने जाते. रेघा दर वेळी नव्या जागी, कमानीसारख्या किंवा चंद्रकोरीसारख्या असतील, तर कारण हलते आहे. ट्रेमध्ये एकीखालून एक काढताना दुसऱ्या फिल्मचा कोपरा लागला, असे समजावे. केसासारख्या बारीक रेघांचा जुडगा एकाच दिशेने गेला असेल, तर पुसण्याचा स्पंज किंवा बोटे तपासावीत.

एवढ्याने निकाल लागला नाही, तर चार फिल्म खर्ची घालण्याची तयारी ठेवावी. पहिली फिल्म डब्यातून काढून कोठेही न घालता बाजूस ठेवावी. दुसरी अंधारात होल्डरमध्ये भरून, झडप न हलवता बाहेर काढावी. तिसरी भरल्यावर झडप चारपाच वेळा ओढून पुन्हा बसवावी. चौथी नेहमीप्रमाणे भरून होल्डर कॅमेऱ्यात घालावा, पिशवीतून हिंडवून आणावा आणि मग ती काढावी. हे सारे अर्थातच पूर्ण काळोखात करावयाचे. ओळख राहावी म्हणून कोपऱ्यांना कात्रीने निरनिराळे छेद द्यावेत. नंतर चारही फिल्मना एन्लार्जरचा अगदी मंद व सारखा प्रकाश द्यावा, म्हणजे त्या मध्यम करड्या होतील. करड्या पार्श्वभूमीवर काळी रेघही दिसते आणि पारदर्शकही. शेवटी प्रत्येक फिल्म सपाट तळाच्या ट्रेमध्ये एकटीच धुवावी.

आता उत्तर आपोआप येते. केवळ चौथीवर रेघ असेल, तर दोष कॅमेऱ्याचा किंवा प्रवासाचा. तिसरी व चौथी बिघडली आणि पहिल्या दोन स्वच्छ राहिल्या, तर दोष झडपेचा. दुसरीपासून पुढे रेघा असतील, तर भरण्याची रीत तपासावी. फिल्म आपल्या खाचेत न जाता झडपेच्या खाचेत शिरली की तिचे सोलून निघणे ठरलेलेच. चारही बिघडल्या, तर शोध धुण्याच्या जागी किंवा फिल्मच्या डब्याकडे वळवावा. आणि चारही स्वच्छ निघाल्या, तर तेही मोठे उत्तर आहे: एकटी फिल्म सुरक्षित राहते, म्हणून एका ट्रेमध्ये अनेक फिल्म खालीवर करण्याची सवयच दोषी असण्याचा संभव फार. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. होल्डर, ट्रे आणि डेव्हलपर एकदम बदलले, तर ओरखडे थांबतील, पण कशाने थांबले ते कळणार नाही.

उपाय साधे आहेत. होल्डरांना क्रमांक द्यावेत, आणि प्रत्येक निगेटिव्ह कोणत्या होल्डरमधली हे टिपून ठेवावे. मखमली पट्टी मऊ ब्रशने झाडावी. नखे कापावीत, अंगठी काढून ठेवावी. पावसाळ्यात नळाच्या तोंडाला दाट कापड बांधावे, कारण गढूळ पाण्यातील कण ओल्या लेपावर बसतात आणि पुसताना त्याला ओरबाडतात. डेव्हलपर २० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेले की जिलेटिन अधिकच मऊ पडते. म्हणून उष्ण प्रदेशांत डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून त्याचे फुगणे आवरण्याची आणि हायपोत तुरटी घालून लेप कठीण करण्याची जुनी रीत आहे.

झालेली इजा पूर्ण भरून येत नाही. पाठीवरच्या चऱ्यावर तेलाचा अगदी पुसट हात फिरवला, तर तो बराच झाकला जातो. जुने कारागीर त्यासाठी नाकावरचा तेलकटपणा बोटाने टिपून वापरीत. प्रतीवरची पांढरी रेघ बारीक कुंचल्याने व शाईने बुजवता येते. काळी रेघ मात्र सहजासहजी जात नाही. जो लेप खरवडून गेला त्याबरोबर त्या जागेचे चित्रही गेले. पुढच्या निगेटिव्ह तेवढ्या वाचवता येतात. आणि त्यासाठी चार फिल्म, एक वही व काही तासांचा काळोख एवढीच किंमत पडते.