शहाण्णव सेकंदी व्हाल का?

१०० मीटर धावायला किती वेळ लागतो? ‘लागत असतील की एक-दोन मिनिटं!’ हे उत्तर सोफ्यावरून क्रिकेट बघणाऱ्या काकांचं नाही बरं का. १९२० च्या ऑलिंपिकसाठी टीम निवडायची लगबग पुण्यात चालू होती, तेव्हा डेक्कन जिमखान्याच्या एका बड्या सदस्याने असं ठोकून दिल्याचा किस्सा सांगतात. मिनिटं नव्हे हो, सेकंद! आणि सेकंदांचेही तुकडे!

माहीत आहे का, त्याच टीममध्ये आपल्या बेळगावचा गडी होता? फडेप्पा दरेप्पा चौगुले! सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने चार धावपटू आणि दोन पैलवान बेल्जियमच्या अँटवर्पला पोचले. २२ ऑगस्ट १९२० रोजी फडेप्पा मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. वेळ: २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. ना स्मार्टवॉच, ना जेल, ना प्लेलिस्ट.

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची नव्हतीच! ती होती ४२.७५ किलोमीटरची, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. म्हणजे साडेपाचशे मीटर बोनस. तोही ‘नको’ म्हणायची सोय नसलेला.

काढा कॅल्क्युलेटर. फडेप्पांचा पेस येतो किलोमीटरला चार मिनिटांच्या किंचित आत. ट्रॅकच्या हिशेबात सांगायचं तर ४०० मीटरची एक लॅप ९६ सेकंदांत. अशा जवळपास १०७ लॅप! आमचं तर स्पष्ट मत आहे, कूळ कुठलंही असो, बेळगाव-निपाणीच्या प्रत्येक हौशी रनरने एकदा तरी ‘शहाण्णव सेकंदी’ होऊन बघावं.

कसं? सोपं आहे. (वाचायला.) व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली रोजचं निवांत जॉगिंग करता ना? आठवड्यातून एक दिवस ते सोडा आणि मैदान गाठा. दहा-पंधरा मिनिटं वॉर्म-अप. मग ९६ सेकंदांत एक लॅप, दोन मिनिटं रमतगमत जॉग, पुन्हा ९६. असं चार वेळा. (याचंच नाव ‘इंटरव्हल’.) मैदान फक्की मारलेलं, २०० मीटरचं असलं तर दोन फेऱ्यांची एक लॅप धरा. जमलं? शाब्बास! फडेप्पांच्या आता फक्त १०३ लॅप उरल्या.

आणि हो, बोस्टन मॅरेथॉन २०२६ चा अर्ज भरायला १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटांची वेळ लागत होती. आपले फडेप्पा साडेपाचशे मीटर जास्त धावूनही त्याच्या आत!

९६ वरच दम लागला? मग हे वाचू नका. २०२३ मध्ये शिकागोत केनियाच्या केल्विन किप्टमने २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन संपवली. दर लॅपला ६९ सेकंदही नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांना तेवढी एक लॅप मारली तरी बाकडं शोधावं लागेल.

माहीत आहे का, ट्रॅकवर ‘४०० मीटर’ फक्त आतल्या लेनमध्ये असतात? तेही कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर राखून मोजलेले. आठव्या लेनमधून पूर्ण फेरी मारलीत तर ४५३ मीटर! दहा फेऱ्यांत ५३० मीटर जादा, म्हणजे जवळजवळ अँटवर्पचा बोनस. टायमिंग बिघडलं की आधी लेन बघा, बुटांना दोष नंतर.

उलटसुलट प्रश्न: ट्रॅकवर डावीकडेच का वळायचं? आज तसा नियम आहे म्हणून. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मात्र सगळे घड्याळाच्या दिशेने पळाले होते!

आता सीमाभागाची खास स्पीड अकॅडमी. फी शून्य. पहाटे कुठल्याही मैदानावर जा, भरतीची पोरं ‘सोळाशे’ मारताना दिसतील. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आले की सैन्यभरतीत धावण्याचे पुरते ६० मार्क. हिशेब? ८२.५ सेकंदांची एक लॅप, अशा चार, आणि मध्ये विश्रांती नाही. या पोरांना ‘इंटरव्हल’ म्हटलं तर सिनेमा आठवेल, पण तुमच्या-आमच्या कोचपेक्षा त्यांचं ऐकावं.

या सोळाशेत फक्त नऊ मीटर मिसळा, झाला मैल. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर तो ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पळाला. जगात पहिल्यांदाच चार मिनिटांच्या आत! पठ्ठ्या डॉक्टरकी शिकत होता, सराव करायचा जेवणाच्या सुट्टीत. एक-एक लॅपचे दहा रिपीट, टार्गेट ६० सेकंद. घड्याळ काही केल्या हलेना, तेव्हा साहेब सराव सोडून स्कॉटलंडच्या डोंगरात चढाईला गेले. परत आले आणि ५९! बॉसला रजेच्या अर्जासोबत हा दाखला खुशाल जोडा.

एमिल झाटोपेकला मात्र रजा माहीतच नव्हती. ४०० मीटरचे रिपीट तो डझनावारी मारायचा, लष्करी बूट घालून जंगलात पळायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० आणि १०,००० मीटर जिंकले, वर मॅरेथॉनही. ती त्याच्या आयुष्यातली पहिली मॅरेथॉन होती!

आपली माणसंही कमी नाहीत. साताऱ्याची ललिता बाबर मॅरेथॉनकडून स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ मध्ये थेट रिओच्या फायनलमध्ये. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिक ट्रॅक फायनल गाठणारी भारतीय महिला!

आणि बीडचा अविनाश साबळे? २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने. त्याच्या वेगाने हे अंतर किती? साधारण ३० सेंटीमीटर. दप्तरातल्या पट्टीएवढं!

जाता जाता एक होमवर्क. अमेरिकेच्या बार्ट यासोचा फंडा असा: मॅरेथॉन जितक्या तास-मिनिटांत करायची, तितक्या मिनिट-सेकंदांत ८०० मीटर पळायचं. दहा वेळा. चार तासांचं टार्गेट असेल तर चार मिनिटं. फडेप्पांच्या बरोबरीला यायचं असेल तर २ मिनिटं ५१ सेकंद. दहावा रिपीट वेळेत संपवलात तर पाव किलो कुंदा माफ!