चांदबीबीचा चेहरा

सुटींत मुलांनीं घर डोक्यावर घ्यावें यांत नवल कांहींच नाहीं. परंतु गेल्या दिवाळींत आमच्या नगरच्या घरीं माजघरांत जो खेळ रंगला, त्यानें आम्हां वडीलधाऱ्यांसही स्वस्थ बसूं दिलें नाहीं. खेळ मूळचा अमेरिकेंतला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां गृहस्थांनीं तो १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें प्रसिद्ध केला. त्याची घडण आपल्या नाटकासारखी आहे असें म्हटलें, तर वाचकांस चटकन् कल्पना येईल. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन ‘मी आतां अमुक करतों’ असें बोलतात. आणि तें साधलें कीं फसलें, हें फांशाच्या दानावर ठरतें. फरक एवढाच कीं, पुढें काय घडणार हें सूत्रधारासही ठाऊक नसतें.

थोरल्या पुतण्यानें सूत्रधारकी पत्करली आणि परदेशी राक्षसांस रजा देऊन आपल्याच गांवचा प्रसंग निवडला: १५९५ च्या डिसेंबरांत शहाजादा मुरादानें किल्ल्यास घातलेला वेढा. (गांवाचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, वेढा मात्र अहमदनगरास पडला होता, म्हणून येथें जुनेंच नांव ठेवितों.) धाकट्या पुतणीनें चांदबीबी मागून घेतली. येथवर सारें सुरळीत झालें. अडलें तें चित्रांपाशीं.

या खेळांत चित्रें केवळ शोभेचीं नसतात. पांच-सहा जणांनीं एकच तट डोळ्यांपुढें आणावयाचा, तर तो कोणी तरी कागदावर काढून ठेविला पाहिजे. आणि प्रत्येक पात्राची सोंगटी पटावर उभी राहिली पाहिजे. पहिल्या अमेरिकन पुस्तकांतील चित्रेंही अगदीं हौशी हातांचीं होतीं. कांहीं तर त्या काळच्या चित्रकथांवरून सरळ उतरविलेलीं होतीं. तेव्हां आमच्या मंडळींनीं लाजण्याचें कारण नव्हतें.

नकाशा लौकर जमला. किल्ला लष्कराकडे असल्यामुळें मनास येईल तेथें फिरून मापें घेणें शक्य नव्हतें. पण आकाशांतून घेतलेलीं छायाचित्रें आतां कोणासही पाहतां येतात, त्यांवर पातळ कागद ठेवून खंदक व तट गिरविले. किल्ला जवळजवळ वाटोळा. चौकोनी घरें त्यांत बसेनात, म्हणून मुलांनीं मोसंब्याच्या फोडींसारखे त्याचे भाग पाडले. सोंगट्यांसाठीं सावंतवाडीच्या गंजिफांचा नमुना समोर ठेविला. दशावतारी गंजिफांचीं १२० पानें असतात, तींही वाटोळीं, हातानें रंगवून लाखेनें चकाकविलेलीं. आमच्या घरीं लाख कोठली? चिंचोक्याच्या खळीनें पुठ्ठ्याचे थर चिकटविले आणि वरून बाजारांतलें रोगण फिरविलें, एवढ्यावर भागलें.

खरी पंचाईत चांदबीबीची. प्रथम पुतण्यानें, हुकूम देतांच चित्र काढून देणाऱ्या नव्या यंत्रास विचारलें. त्यानें क्षणांत एक देखणी राणी काढून दिली. पण तिचा घागरा, नथ व मागचा महाल पाहून ती चितोडची वाटावी! मग त्यानें जाळ्यावरून कोणा आजच्या चित्रकाराचें चित्र उचललें. तें आमच्या तीर्थरूपांनीं पाहिलें. त्यांचा सारा जन्म वकिलींत गेलेला. १९५७ च्या कायद्याप्रमाणें चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षेंपर्यंत चित्रावर त्याचा व त्याच्या वारसांचा हक्क असतो, असें त्यांनीं बजावलें. “आजोबा, घरांतल्या घरांत खेळायचें, कोण विचारतो?” पुतण्या म्हणाला. “कोणी न विचारो, पण पटावर चित्राखालीं नांव कोणाचें घालणार आहेस?” एवढेंच ते बोलले, आणि चित्र निमूटपणें काढून घेण्यांत आलें.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें हक्कमुक्त चित्रांच्या प्रती २०१७ पासून सर्वांस खुल्या केल्या आहेत. त्यांत चांदबीबी सांपडली: घोड्यावर स्वार, हातावर ससाणा, बरोबर सेवक. पुतणी हरखून गेली. परंतु चित्राचा काळ पाहिला तों सुमारें १७०० चा. चांदबीबी मारली गेली १६०० सालीं. चितारी मोठा कसबी खरा, पण त्यानें तिला पाहिलेली असणें शक्य नाहीं.

तिच्या स्वतःच्या घराण्यांतलें कांहीं मिळेल काय? येथें मला पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांतील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फारसी पोथीची आठवण झाली. आफताबी नांवाच्या कवीनें चांदबीबीचा पिता हुसेन निजामशहा याच्या स्तुतिपर तें काव्य रचिलें. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईचें वर्णन त्यांत आहे. मूळच्या चौदा चित्रांपैकीं बारा आज शिल्लक आहेत. छापील प्रतींतून मुलांनीं घोडे, तंबू, स्त्रियांच्या लांब वेण्यांचे गोंडे असें पुष्कळ उतरवून घेतलें. दासींच्या सोंगट्या त्यावरूनच झाल्या. पण त्या चित्रांत एक विलक्षण गोष्ट आहे. सुलतानाशेजारीं त्याची राणी खुंझा हुमायून, म्हणजे चांदबीबीची आई, बसलेली दाखविली होती. आणि बहुतेक ठिकाणीं तिची आकृति मागाहून कोणी पुसून टाकलेली आहे. हुसेनशहामागें तिनें कांहीं वर्षें राज्य चालविलें. पुढें पुत्र मुर्तजा यानेंच तिला कैदेंत टाकलें. पुसापुशी त्यानंतरची असावी असें अभ्यासकांस वाटतें. पुतणी त्या डागाकडे बराच वेळ पाहत बसली. “काका, आईचा पुसला, मुलीचा काढलाच नाहीं,” ती म्हणाली.

मला शहा डोंगरावरची तिमजली अष्टकोनी इमारत आठवली. शाळेच्या सहलींतून आम्ही सारे जिला चांदबीबीचा महाल म्हणून पाहून आलों, ती वस्तुतः मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. ज्या बाईच्या नांवानें आमच्या गांवचा डोंगर ओळखला जातो, तिचें स्वतःचें येथें काय आहे, याचें उत्तर मला देतां येईना.

वाट दाखविली ती फिरिश्त्यानें. हा इतिहासकार कांहीं वर्षें नगरच्या दरबारीं राहून मग विजापुरास गेलेला. तो लिहितो कीं, मोगलांच्या सुरुंगानें तट ढासळला, लोकांचा धीर सुटला, तेव्हां चांदबीबी तोंडावर बुरखा घेऊन हातीं नंगी तलवार उपसून खिंडारावर आली, आणि रात्रींतून तें खिंडार बांधून निघालें. पुतणीनें एवढें ऐकलें आणि ब्रश उचलला. तिच्या सोंगटीवर पांढरा बुरखा आहे, तलवारीची पात आहे, मागें अर्धवट रचलेले दगड आहेत.

“चेहरा?” सूत्रधारानें विचारलें.

“बुरखा होता ना! तूं फांसा टाक.”

फांसा दोनदां पडेना, तिसऱ्यांदा पडला. तट उभा राहिला. १५९६ च्या फेब्रुवारींत मुराद वऱ्हाड घेऊन परतला, तेथवर खेळ आला आहे. पुढें चार वर्षांनीं तिच्याच माणसांनीं तिला ठार केलें, हें पुतणीस ठाऊक आहे. तो भाग उन्हाळ्याच्या सुटीवर ठेविला असून, त्याचीं चित्रें काढण्यास मात्र ती अजून तयार नाहीं.